गाणे बुद्रुक, गाणे खुर्द

पुणे जिल्ह्यात गावे एकेकटी राहण्यापेक्षा जोडीने राहणे पसंत करतात, आणि अशा जोडीपैकी थोरल्याने बुद्रुक व धाकट्याने खुर्द म्हणवून घ्यावे हा निवाडा कोण्या काळी कोण्या अंमलदाराने एकदाचा करून टाकला असल्यामुळे, पुढे धाकट्याने कितीही बाळसे धरले, त्याच्या वेशीवर पेट्रोलपंप आला, मंगल कार्यालय आले आणि थोरल्याच्या वेशीवर नुसती बाभळ उरली, तरी दप्तरात धाकटा तो धाकटाच राहतो. भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे या व्यवस्थेचे सुखी लाभार्थी आहे. पुणे–सातारा महामार्गालगतच्या या गावाला आपल्या थोरलेपणाची शाबिती कोणापुढे करावी लागत नाही. शेजारी वरवे खुर्द आहे, एवढा पुरावा पुरेसा होतो.

गाण्यांच्या बाबतीत मात्र आजवरच्या कोणत्याच राजवटीने अशी तजवीज केलेली नाही. एखादे गाणे एक जण रचतो, दुसरा गातो, तिसरा त्यातला संथपणा काढून टाकून त्याला विजेच्या गिटारी जोडतो, चौथा ते साबणाच्या जाहिरातीला लावतो, पाचव्याच्या वरातीत ते ढोलावर वाजते, आणि ती वरात ऐकत लहानाचा मोठा झालेला सहावा पुढे कधीतरी मूळ गाणे कानी पडताच ‘छे, ही नक्कल दिसते’ असा शेरा मारून मोकळा होतो. रॉक नामक जे पाश्चात्त्य संगीत आहे त्यात तर या प्रकाराला ‘कव्हर’ असे प्रतिष्ठित नाव असून, ज्याच्या गाण्याची कोणी कव्हरे केली नाहीत तो गायक बिचारा आपल्या अब्रूविषयी चिंतेत असतो.

यावर माझी नम्र सूचना अशी की गाण्यांचे दप्तर महसुली पद्धतीने ठेवावे. त्यासाठी लागणारे छापील नमुने आपल्याकडे तयार आहेत. गाव नमुना सातमध्ये मालकाचे नाव लिहावे. ‘इतर हक्क’ या रकान्यात, जो ते गाऊन पोट भरतो त्या कुळाचे नाव लावावे. नमुना बारामध्ये त्या साली त्या गाण्यातून कोणते पीक आले, म्हणजे अश्रू आले, नाच आला की केवळ तण माजले, याची नोंद घ्यावी. आणि हक्क हलला की नमुना सहाच्या वहीत फेरफार ओढावा. गाणे जाहिरातीत गेले की त्यावर ‘बिनशेती’ असा शेरा पडेल. ज्या गाण्याचे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे गुंठे पाडून लोक मोबाईलवर विकतात, त्याच्या बाबतीत १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा लागू करता येईल की नाही, हा प्रश्न मी जाणकार वकिलांवर सोपवतो.

ही सूचना विनोदाने केलेली नाही. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ साली झाला, आणि त्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी जमीन कसणारी कुळे तिची मालक मानली गेली. तारीख १ एप्रिल असूनही ती थट्टा नव्हती, हे पुष्कळ जमीनदारांना फार उशिरा उमगले. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आपल्याकडे असे कायद्याने आले. गाईल त्याचे गाणे हे तत्त्व मात्र जगभर कोणत्याही कायद्यावाचून, किंबहुना कायद्याच्या नाकावर टिच्चून, अमलात असलेले दिसते.

बॉब डिलन याचेच उदाहरण घ्या. १९६७ च्या अखेरीस निघालेल्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या तबकडीत त्याने ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे गाणे कोरडवाहू शेतकऱ्याच्या काटकसरीने, मोजक्या साथीवर गायिले. दुसऱ्याच वर्षी जिमी हेन्ड्रिक्सने त्या जमिनीत आपल्या गिटारीचा पाट फोडला, आणि तिला असे काही पीक आले की खुद्द डिलनही पुढे ते गाणे रंगमंचावर हेन्ड्रिक्सच्या धाटणीने गाऊ लागला. डिलनने आपल्या आयुष्यात सर्वांत अधिक वेळा जाहीरपणे गायिलेले गाणे हेच होय. मूळ मालकाने आपल्याच शेतावर कुळाच्या पद्धतीने, आणि कुरकुर न करता, इतकी वर्षे राबावे, असे दुसरे उदाहरण आमच्या तालुक्यातील दप्तरात सापडणार नाही. ट्रेंट रेझ्नर याने तर याहून पुढची पायरी गाठली. त्याचे १९९४ चे ‘हर्ट’ हे गाणे वृद्ध जॉनी कॅशने २००२ साली थरथरत्या आवाजात गायिले, त्याचे चित्रीकरण रेझ्नरने पाहिले, आणि हे गाणे आता आपले राहिले नाही असे त्याने जाहीरपणे कबूल केले. मुद्रांकशुल्कावाचून झालेले हे हक्कसोडपत्र आमच्याकडील सख्ख्या भावांना वाचून दाखवण्याजोगे आहे.

गायरानाची कथा मात्र याहून रंजक असते. गायरानाचा मालक कोणीच नसतो, म्हणजे सगळेच असतात, म्हणजे जो प्रथम कुंपण घालील तो असतो. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे असेच एक अमेरिकेतील गायरान. कोणी रचले ते ठाऊक नसलेले हे लोकगीत १९३७ साली अ‍ॅलन लोमॅक्स नावाच्या संग्राहकाने केंटकीत जॉर्जिया टर्नर या खाणकामगाराच्या सोळा वर्षांच्या मुलीकडून ध्वनिमुद्रित करून घेतले. पुढे न्यूयॉर्कात डेव्ह व्हॅन रॉन्क नावाचा गवई ते आपल्या विशिष्ट सुरावटीवर गात असे. ती सुरावट तरुण डिलनने उचलली आणि १९६२ च्या आपल्या पहिल्याच तबकडीत घातली. परिणामी लोक व्हॅन रॉन्कला ‘तू डिलनचे गाणे गातोस’ असे म्हणू लागले आणि त्या भल्या माणसाने ते गाणेच सोडून दिले. दोन वर्षांनी इंग्लंडातील ‘अ‍ॅनिमल्स’ या पथकाने ते विजेच्या गिटारीवर आणि ऑर्गनवर असे काही दणाणून वाजवले की आता लोक डिलनला म्हणू लागले, ‘हे अ‍ॅनिमल्सचे गाणे तू कशाला गातोस?’ आणि डिलननेही ते गाणे सोडून दिले. कर्माच्या सिद्धान्तावर इतका झटपट आणि इतका सुरेल निकाल क्वचितच लागला असेल. अ‍ॅनिमल्स हे पाच जण होते. परंतु तबकडीवर मांडणीकार म्हणून नाव लागले एकट्या अ‍ॅलन प्राइसचे, आणि बाकीचे चौघे जन्मभर हिश्श्याच्या तक्रारी सांगत राहिले. गायरानावरील अतिक्रमण नियमित होताना घरातल्या एकाच भावाचे नाव लागते, हा अनुभव केवळ महाराष्ट्राचा आहे अशी माझी समजूत होती.

महाराष्ट्राने या विषयात एकेकाळी अनुकरणीय शिस्त पाळली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून आमच्या संगीत नाटकांतील पदांच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द छापून त्यापुढे, ज्या गाण्यावरून ती चाल घेतली त्या गाण्याचे नाव प्रामाणिकपणे देण्याचा प्रघात पडला. लावणी असो, कीर्तनातले पद असो, कानडी पद असो की ठुमरी, ज्याचे घेतले त्याचे नाव डोक्यावर. हीच फेरफाराची वही होय. मात्र या सचोटीचा परिणाम मोठा विलक्षण झाला. त्या मूळ गाण्यांपैकी बहुतेकांना आज कोणी ओळखत नाही. उलट नाट्यपद सर्वतोमुखी आहे, आणि मूळ गाणे कसे असावे हे शोधणारा अभ्यासक नाट्यपदावरूनच त्याचा अंदाज बांधत बसतो. मालकाचे नाव सातबाऱ्यावर शाबूत असून मालक मात्र बेपत्ता आहे, अशी ही स्थिती. कर्ज बुडवणे वाईट हे खरेच, पण कर्जाची नोंद ठेवणारा माणूस सावकारापेक्षा अधिक काळ जगतो, हे त्यावरून ध्यानात येते.

आता रॉक संगीताचा आणि वरव्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो डांबरी आहे. पुण्याहून पाचगणीला मोटारीने जायचे तर कात्रज ओलांडावे, वरव्यावरून खंबाटकीकडे जावे, वाईला वळावे आणि पसरणीचा घाट चढावा, असा हा सरळ मार्ग आहे. १९५० च्या दशकात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा राहत असे. जन्म झांझिबारचा, साल १९४६. वडील तेथील ब्रिटिश सरकारच्या चाकरीत रोखपाल. दात पुढे आलेले. आणि हात पियानोवर. रेडिओवर ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर वाजवून दाखवी, असे त्याचे सोबती सांगत आले आहेत. १९५८ साली त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचे पथक काढले. हे पथक स्वतःचे असे काही वाजवीत नसे. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या समारंभात हुबेहूब वाजवणे एवढाच त्याचा उद्योग. त्यातही गायनाचे मुख्य काम दुसऱ्याच मुलाकडे असून बलसाराच्या वाट्याला पियानो आणि मागून साथीचा सूर इतकेच येई. पुढे ‘फ्रेडी मर्क्युरी’ म्हणून ज्याच्या कंठावर जग लुब्ध झाले, त्याला पाचगणीत मुख्य गायक करावे असे कोणाला वाटले नाही, ही गोष्ट शालेय स्नेहसंमेलनांच्या निवडसमित्यांनी भिंतीवर टांगून ठेवावी.

सुट्टीत हा मुलगा पुण्यामार्गे गेला-आला असेल तेव्हा तो वरव्यावरूनच गेला असला पाहिजे. गाडी येथे थांबली असेल, असा दावा मात्र मी करीत नाही. गावोगावी ‘येथे महाराजांचा घोडा पाणी प्याला’ असे सांगणाऱ्यांची संख्या आधीच पुरेशी आहे.

इतरांच्या शेतावर असे उमेदवारी करून आलेल्या या कुळाने १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नावाचे जे स्वतःचे शेत काढले, ते दुसऱ्या कोणाला कसताच येऊ नये अशी त्याची आखणी होती. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद, ध्रुपद नाही, आरंभी विलाप, मध्ये ऑपेरा, त्यात एका ठिकाणी चक्क ‘बिस्मिल्ला’, शेवटी गिटारींचा दंगा आणि पुन्हा शांतता. मधल्या ऑपेराच्या भागासाठी त्याच्या ‘क्वीन’ पथकातील तिघा-चौघांनी आपलेच आवाज एकमेकांवर इतक्या वेळा चढवले की ध्वनिफितीवरील लेप झिजून ती पारदर्शक झाली. इंग्लंडात हे गाणे नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. परंतु गंमत पुढेच आहे. ‘क्वीन’ पथक जेव्हा हे गाणे प्रत्यक्ष मंचावर सादर करी तेव्हा ऑपेराचा भाग आला की दिवे मालवले जात, मंडळी विंगेत निघून जात, आणि तेवढा भाग ध्वनिफितीवर वाजे. खुद्द मालकालाही मधले वावर कसता येत नव्हते. तेवढे ते पडीक न दिसावे म्हणून आधी काढून ठेवलेले पीक तेथे मांडून ठेवावे लागे. असे असूनही कुळांनी हार मानली नाही. ‘विअर्ड अल’ यान्कोविकने १९९३ साली ते सगळेच्या सगळे गाणे पोल्का नाचाच्या ठेक्यावर म्हटले. २००९ साली मपेट्स या बाहुल्यांनी ते सादर केले. आणि २०१८ सालच्या त्याच नावाच्या चित्रपटात मर्क्युरीच्या भूमिकेला आवाज पुरवताना काही ठिकाणी मार्क मार्टेल नावाच्या कॅनडाच्या गायकाचा गळा वापरला, आणि कोणता सूर मालकाचा व कोणता कुळाचा हे भल्याभल्या मोजणीदारांना सांगता आले नाही.

त्याच पथकाचे ‘वुई विल रॉक यू’ हे गाणे याच्या अगदी उलट प्रकृतीचे आहे. ब्रायन मे याने १९७७ साली ते केले ते श्रोत्यांनाच वाजवता यावे म्हणून. लंडनमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतील स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून त्याचा ठेका ध्वनिमुद्रित केला; ढोल नाही, ताशा नाही, आणि गिटार येते ती अगदी अखेरीस. हे गाणे कव्हर करायला माणसाजवळ दोन पाय आणि दोन हात असले की भागते, आणि ही सामग्री वरव्यात मुबलक आहे.

गेल्या लग्नसराईत येथील एका वरातीत नवरदेवाचा मावसभाऊ, जो हिंजवडीस संगणकावर काम करतो आणि म्हणून ज्याच्या शब्दाला घरात वजन आहे, तो बँडमास्तरांपाशी गेला आणि म्हणाला, “मास्तर, ‘वुई विल रॉक यू’ येतं का?”

येत नाही असे मास्तर म्हणाले नाहीत. वरातीत कोणत्याही बँडमास्तराने ते म्हणायचे नसते. ते म्हणाले, “दादा, चाल सांगा फकस्त.”

दादाने रस्त्यावर दोनदा पाय आपटले आणि एक टाळी वाजवली.

“बरं. आन् फुडं?”

“पुढं परत तेच.”

“त्याच्या फुडं?”

“तेच. मग वरनं गाणं म्हणतात, पण खाली हेच चालू ठेवायचं.”

“मंजी क्लॅरिनेटवाल्यानं काय करायचं?”

“काही नाही. उभं राहायचं.”

मास्तर क्षणभर विचारात पडले. “दादा,” ते शांतपणे म्हणाले, “मानसामागं पैसं ठरल्यात. नुसत्या उभ्या मानसाचं पैसं तुमच्याकडनं कसं घ्यायचं?”

या नैतिक पेचावर मावसभावाजवळ उत्तर नव्हते. मास्तरांनी ढोलवाल्याला दोन बोटे आणि ताशावाल्याला एक बोट दाखवले, आणि लगेच ढोलाचे दोन ठोके व ताशाची एक फटकार असा तो लंडनचा ठेका, लंडनमध्ये होता त्याहून भरदार होऊन, महामार्गाच्या कडेने घुमू लागला. मी कान टवकारले. क्लॅरिनेटवाला चार आवर्तने मुकाट उभा राहिला. पाचव्या आवर्तनास, फुकटचे पैसे घेणे त्याच्या मानी स्वभावास न मानवल्यामुळे म्हणा, वा ओठ शिवशिवल्यामुळे म्हणा, त्याने त्या ठेक्यावर ‘झिंगाट’ सुरू केले. ताशाने एक नजर मास्तरांकडे टाकली, मास्तरांनी मान हलवली, आणि ब्रायन मेचा ठेका अर्ध्या मिनिटात विरघळून गेला. वऱ्हाडी बेभान नाचले. सर्वांत पुढे नाचत होता तो मावसभाऊ. आणि वरात मांडवात पोचल्यावर त्याने मास्तरांच्या हाती नोट ठेवून, क्वीन आजवर असे कोणी वाजवले नव्हते, असा अभिप्राय दिला, जो अक्षरशः खरा होता.

‘झिंगाट’ची हक्कनोंद तरी सरळ असावी, अशी आपली अपेक्षा असते. त्याचे कर्ते अजय–अतुल हे पुणे जिल्ह्याचेच. वडील महसूल खात्यात असल्याने बदलीच्या गावोगावी वाढलेले. पाचगणीच्या मुलाचा बाप रोखपाल आणि यांचे वडील महसुलात, यावरून सरकारी पगार आणि सुरेल संतती यांचा काही संबंध असावा, असा सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो. परंतु माझ्या ओळखीच्या सरकारी नोकरांची मुले मी ऐकली आहेत. ‘झिंगाट’ ज्यात आहे तो ‘सैराट’ चित्रपट २०१६ च्या एप्रिलअखेरीस आला. त्याच्या संगीतातील पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला होता. वर्षभरात ‘झिंगाट’ कानडीत गेले, २०१८ साली ‘धडक’मधून हिंदीत गेले, आणि या अवधीत गावोगावच्या बेंजो पार्ट्यांनी ते कोणालाही न विचारता आपल्या नावावर करून घेतले. ‘जत्रा’ या २००६ च्या चित्रपटातील ‘कोंबडी पळाली’चेही तसेच, तिची हिंदीत २०१२ साली ‘चिकनी चमेली’ झाली, तीही मूळ संगीतकारांच्याच हस्ते, आणि आता उत्तरेकडचा एखादा पाहुणा वरातीत ‘कोंबडी पळाली’ ऐकली की मराठी लोकांनी हिंदी गाणे चोरले म्हणून आपल्याकडे कीव करून पाहतो. खुर्द मोठे झाले की बुद्रुकाला हे असे पाहून घ्यावेच लागते.

फेरफाराला हरकत घेणारे लोक सर्वत्र असतात, तसे ते येथेही आहेत. १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक पाहिलेल्यांनी २०१५ साली त्यावरच्या चित्रपटाला चित्रपटगृहात बसून वसंतराव देशपांड्यांच्या नावाने सोडलेले सुस्कारे मी ऐकले आहेत. अशा हरकतदारांविषयी मला आदर आहे; मात्र त्यांची उलटतपासणी घेतली असता बहुधा असे निघते की ज्याला ते अस्सल म्हणतात तो पाठ त्यांनी आपल्या विसाव्या वर्षी ऐकलेला असतो, आणि त्याच्याही मागे कोणी एक म्हातारा तेव्हा सुस्कारे सोडीत बसलेला असतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहिले पाहिजे. ज्या १९५७ साली कुळांना जमिनी मिळाल्या त्याच साली भारताचा कॉपीराइट कायदा झाला. एका कायद्याने कसणाऱ्यास मालक केले, तर दुसऱ्याने मालकास कुंपण घालून दिले. २०१२ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद अशी आहे की मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबल्याखेरीज कव्हर काढता येत नाही, आणि काढायचे तर एका वर्षाला निदान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. ही अट ऐकून आमचे मास्तर हातातली काठी टाकून शेतीकडे वळले असते. पण त्याच कायद्याच्या कलम ५२ ने त्यांना अभय दिले आहे. धार्मिक समारंभात वाजवलेले संगीत हक्कभंग ठरत नाही, आणि लग्नाची वरात ही धार्मिक समारंभातच मोडते, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात साफ लिहिले आहे. संसदेने संगीताविषयी केलेल्या सर्व विधानांत मला हे सर्वांत समंजस वाटते.

तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या घरी कार्य निघाले असेल आणि वरात या बाजूने जाणार असेल, तर त्यांनी निःशंक मनाने क्वीनची फर्माईश करावी. मात्र सुपारी देतानाच क्लॅरिनेटवाल्याला काय काम द्यायचे ते ठरवून घ्यावे.